मूठभर मटकी आणि अर्धा मिली ऑक्सिजन

श्वसन म्हटलं की डोळ्यांपुढे नाक, छाती आणि फुप्फुसं येतात. ही सगळी हवा आतबाहेर नेण्याची व्यवस्था झाली. अन्नातली ऊर्जा मोकळी करण्याचं काम पेशीत चालतं. नाक नाही, फुप्फुस नाही अशा मटकीच्या दाण्यातही ते आपल्या पेशींसारखंच, जवळपास त्याच पायऱ्यांनी चालतं. म्हणून हा विषय शिकायचा किंवा शिकवायचा असेल तर सुरुवात मोड आलेल्या मटकीपासून करावी, असं माझं ठाम मत आहे. दाणे ऑक्सिजन ओढून घेतात हे एकदा स्वतः मोजलं, की फळ्यावरच्या क्रेब्ज चक्राला, म्हणजे पेशीत अन्न जाळणाऱ्या पायऱ्यांच्या फेऱ्याला, अर्थ येतो. नाहीतर ती नुसती नावांची यादी राहते.

सुक्या मटकीपासून काही मिळणार नाही. कोरड्या कडधान्यात पाणी १० टक्क्यांच्या आसपास असतं आणि तेवढ्यावर विकरं, म्हणजे पेशीतल्या रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिनं, जवळजवळ ठप्प असतात. डबा भरण्याआधी कडधान्याला ऊन दाखवायचं ते एवढ्यासाठीच. दाणा दमट राहिला तर तो श्वसन करू लागतो, त्यावरची बुरशीही करते, दोघांतून उष्णता आणि पाणी निघतं, आणि साठवण आतून तापत जाते.

मटकी रात्रभर, साधारण ८ तास भिजवायची आणि निथळून ओल्या फडक्यात बांधायची. उन्हाळ्यात १२-१४ तासांत मोड येतात, थंडीत दीड दिवसही लागतो. प्रयोगाला अर्धा ते एक सेंटिमीटरचे मोड सगळ्यांत चांगले. लांब मोड हाताळताना तुटतात आणि तुटलेल्या जागी जिवाणू वाढतात. दाणे सुती कापडावर पसरून वरचं पाणी टिपून घ्या. ही पायरी बरेच जण गाळतात. पाण्यातून ऑक्सिजन हवेच्या मानाने सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो, त्यामुळे दाण्याभोवती पाण्याचा थर राहिला तर दाणा अर्धवट गुदमरलेलाच असतो.

आता श्वसनमापक. रुंद तोंडाची १०० मिलीची काचेची बाटली, दोन भोकांचं रबरी बूच, एका भोकात १ मिलीची काचेची पिपेट, दुसऱ्यात काचेची आखूड नळी, तिच्यावर रबरी नळीचा तुकडा आणि चिमटा. बाटलीच्या तळाशी कापसाचा बोळा ठेवून त्यावर १५ टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं द्रावण २ मिली टाका. त्यावर कोरड्या कापसाचा थर आणि तारेच्या जाळीचा तुकडा. जाळीवर मोजून १० ग्रॅम मोड आलेली मटकी. बूच घट्ट बसवून सांध्यांवर व्हॅसलीन फिरवा. पिपेट आडवी राहिली पाहिजे. तिच्या बाहेरच्या टोकाशी रंगीत पाण्याचा छोटा स्तंभ घ्या आणि त्या पाण्यात साबणाचा एखादा थेंब मिसळा, नाहीतर स्तंभ काचेला चिकटून थांबतो आणि मग झटक्याने उडी मारतो. चिमटा उघडा ठेवून १० मिनिटं थांबा, मग तो बंद करा आणि दर दोन मिनिटांनी स्तंभाची जागा लिहा.

हायड्रॉक्साइडचं द्रावण करताना १५ ग्रॅम खडे ८५ मिली पाण्यात थोडे थोडे टाकायचे. पाणी खड्यांवर ओतायचं नाही. द्रावण चांगलंच तापतं आणि डोळ्यात उडालं तर कायमची इजा होते. चष्मा आणि हातमोजे हवेतच, आणि मुलं करत असतील तर ही पायरी शिक्षकांनीच करावी.

स्तंभ बाटलीकडे सरकू लागतो. दाणे ऑक्सिजन घेतात, बदल्यात कार्बन डायऑक्साइड सोडतात, आणि तो हायड्रॉक्साइड शोषून घेतं. तळाशी शोषक नसेल तर घेतलेला आणि सोडलेला वायू जवळजवळ सारखाच भरतो आणि स्तंभ हलतच नाही. २५ ते २८ अंशांना १० ग्रॅम मटकी १० मिनिटांत साधारण अर्धा मिली ऑक्सिजन घेते. मोड किती वाढलेत त्यानुसार आकडा कमीजास्त येईल.

प्रयोग फसतो तो बहुतेक वेळा तापमानामुळे. बाटलीत ८० मिली हवा आहे असं धरा. ती एका अंशाने तापली तर पाव मिलीपेक्षा थोडी जास्तच फुगते, म्हणजे दाण्यांचं पाच मिनिटांचं श्वसन झाकून टाकते. बाटली हातात धरली, शेजारून कुणी गेलं, वर पंखा सुरू झाला, एवढंही पुरतं. म्हणून बाटली गळ्यापर्यंत पाण्याच्या टबात ठेवा आणि शेजारी तशीच दुसरी बाटली मांडा. तिच्यात मटकीऐवजी तेवढ्याच आकारमानाच्या काचेच्या गोट्या, बाकी सगळं तेच. तिच्या स्तंभाचं सरकणं पहिल्या आकड्यातून वजा करायचं. तिच्यातला स्तंभ बाटलीकडे सरकला तर ते अंतर वजा, बाहेर सरकला तर मिळवायचं. दुसरी चूक गळतीची. मटकीच्या बाटलीतला स्तंभ मुळीच सरकत नसेल तर दाणे मेले असं समजण्याआधी बूच तपासा. तिसरी, हायड्रॉक्साइडचा बोळा दाण्यांना लागला तर दाणे भाजून मरतात आणि पहिल्या काही मिनिटांनंतर आकडे खाली येत जातात.

काच आणि रबराची ही जोडणी साधी दिसते, पण पेशीश्वसनाचं रसायन याच तत्त्वावर उलगडलं. जर्मन शास्त्रज्ञ ओटो वॉरबर्ग यांच्या मॅनोमीटरमध्ये, म्हणजे दाबमापकात, ऊतीचे तुकडे असलेल्या छोट्या फ्लास्कच्या मध्यभागी हायड्रॉक्साइडची वाटी असे आणि ऑक्सिजन किती गेला ते दाबातल्या फरकावरून कळे. वॉरबर्ग यांच्या प्रयोगशाळेत तयार झालेले हान्स क्रेब्ज यांनी १९३७ साली इंग्लंडमधल्या शेफील्डमध्ये कबुतराच्या छातीच्या स्नायूवर असेच प्रयोग केले. सायट्रेट घातलं तर स्नायू ऑक्सिजन जास्त घेतो, मॅलोनेट घातलं तर अडकतो, आणि अडकला की सक्सिनेट साचतं, अशा आकड्यांवरून त्यांनी क्रेब्ज चक्र जोडलं (सायट्रेट आणि सक्सिनेट हे त्या चक्रातलेच टप्पे). ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकाने त्यांचं पत्र छापलं नाही. ते काम दुसऱ्या नियतकालिकात आलं आणि १९५३ साली क्रेब्ज यांना त्यासाठी नोबेल मिळालं.

मग दाण्याच्या आत काय होतं? साठवलेल्या स्टार्चचे अमायलेज तुकडे करतं, त्यातून ग्लुकोज सुटतं. पेशीद्रवात ग्लायकोलायसिसच्या दहा पायऱ्यांत सहा कार्बनच्या ग्लुकोजचे तीन कार्बनचे दोन पायरुवेट होतात. एटीपी म्हणजे पेशी कामासाठी खर्च करते तो ऊर्जेचा रेणू. सुरुवातीला दोन एटीपी खर्च करावे लागतात, नंतर चार मिळतात, हाती दोन उरतात. शिवाय दोन एनएडीएच तयार होतात. एनएडीएच म्हणजे इलेक्ट्रॉन उचलून नेणारा रेणू, आणि पुढची सगळी गोष्ट या इलेक्ट्रॉनांची आहे. इथपर्यंत ऑक्सिजन लागलेला नाही आणि कार्बन डायऑक्साइडही निघालेला नाही.

पायरुवेट तंतुकणिकेत (मायटोकॉन्ड्रियात, पेशीच्या ऊर्जाघरात) शिरतं आणि तिथे त्याचा एक कार्बन सुटतो. उरलेले दोन कार्बन को-एन्झाइम ए ला जोडून असिटिल को-ए होतं. ही पायरी पायरुवेट डीहायड्रोजिनेज नावाच्या मोठ्या विकरसमूहाकडे आहे आणि त्याला थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व लागतं. पांढऱ्याशुभ्र पॉलिश केलेल्या तांदळावरच जगणाऱ्या माणसांना बेरीबेरी व्हायचा त्याचं मूळ इथे आहे. पोटात साखर आहे, पण ती या दारातून पुढे जात नाही, आणि आधी कोसळतात ते भरपूर ऊर्जा लागणारे हृदय आणि मज्जातंतू. एनएडीएचमधला एनएडी नायसिनपासून बनतो, पुढे येणारा एफएडी रायबोफ्लेविनपासून. ब गटाच्या जीवनसत्त्वांमधून स्वतःहून ऊर्जा मिळत नाही. त्यांच्याशिवाय अन्नातली ऊर्जा बाहेर काढता येत नाही, एवढंच. टॉनिकच्या जाहिराती पाहताना हे लक्षात असावं.

असिटिल को-ए चार कार्बनच्या ऑक्झॅलोअसिटेटला जोडला की सहा कार्बनचं सायट्रेट होतं आणि चक्र फिरू लागतं. एका फेरीत दोन कार्बन डायऑक्साइड, तीन एनएडीएच, एक एफएडीएच-टू (एफएडीपासून बनलेला, एनएडीएचसारखाच इलेक्ट्रॉन नेणारा रेणू) आणि एक एटीपी. एका ग्लुकोजमागे दोन फेऱ्या. म्हणजे सहा कार्बन डायऑक्साइडपैकी दोन चक्राच्या दारात निघाले आणि चार चक्रात.

इथे थांबून एक गोष्ट नीट बघण्यासारखी आहे. सहाही कार्बन डायऑक्साइड बाहेर पडले, आणि आपण मोजलेला अर्धा मिली ऑक्सिजन अजून कुठेच वापरला गेलेला नाही. ‘आपण घेतलेला ऑक्सिजन कार्बनला जोडला जातो आणि त्याचाच कार्बन डायऑक्साइड होतो’ असं सर्रास सांगितलं जातं आणि ते चूक आहे. कार्बन डायऑक्साइडमधला ऑक्सिजन ग्लुकोजमधून आणि पाण्यातून येतो. श्वासातल्या ऑक्सिजनचं पाणी होतं. एक ग्लुकोज, सहा ऑक्सिजन आणि सहा पाणी एका बाजूला. सहा कार्बन डायऑक्साइड आणि बारा पाणी दुसऱ्या बाजूला. समीकरणात दोन्हीकडचं पाणी वजा करून टाकतात, तेव्हा नेमकी हीच गोष्ट पुसली जाते. ते वजा न करता शिकवावं.

ऑक्सिजनचं काम शेवटी येतं. तंतुकणिकेच्या आतल्या पटलात प्रथिनांचे चार मोठे समूह आहेत. एनएडीएच आपले इलेक्ट्रॉन पहिल्याला देतो, तिथून ते युबिक्विनोनमार्फत तिसऱ्याकडे, सायटोक्रोम सी मार्फत चौथ्याकडे जातात. एफएडीएच-टू दुसऱ्या समूहापासून आत येतो. प्रत्येक टप्प्यावर इलेक्ट्रॉन थोडी ऊर्जा गमावतात आणि त्या ऊर्जेवर पहिला, तिसरा आणि चौथा समूह प्रोटॉन पटलापलीकडे ढकलतात. इलेक्ट्रॉनांच्या एका जोडीमागे अनुक्रमे ४, ४ आणि २, एकूण १०. दमलेले इलेक्ट्रॉन शेवटी ऑक्सिजन घेतो, त्याला प्रोटॉन जोडले जातात आणि पाणी होतं. ऑक्सिजन मिळाला नाही की इलेक्ट्रॉनांना उतरायला जागा उरत नाही आणि मागची सगळी रांग तुंबते. सायनाइड हेच करतं. ऑक्सिजन रक्तात भरपूर असतो, पण चौथ्या समूहातल्या लोहाला सायनाइड चिकटलेलं असल्याने पेशीला तो घेता येत नाही.

पलीकडे साचलेल्या प्रोटॉनांचं पुढे काय होतं हे १९६१ साली ब्रिटिश जीवरसायनशास्त्रज्ञ पीटर मिचेल यांनी मांडलं, तेव्हा बहुतेक जीवरसायनशास्त्रज्ञांना ते पटलं नव्हतं. बाकीचे सगळे एखादं ऊर्जाधारी मधलं रसायन शोधत होते. मिचेल म्हणाले, तसं रसायन नाहीच. कोयनेच्या भिंतीमागे साठलेलं पाणी जसं बोगद्यातून खाली येताना टर्बाइन फिरवतं, तसे प्रोटॉन परत आत येताना एटीपी घडवतात. पटलाच्या दोन बाजूंत फरक जेमतेम १५० ते १८० मिलिव्होल्टचा, पण पटलाची जाडी सहा नॅनोमीटरच्या घरात. म्हणजे मीटरमागे सुमारे तीन कोटी व्होल्ट. मिचेल यांना १९७८ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. आणि एटीपी सिंथेज हे विकर खरोखरच गरागरा फिरतं. एका फेरीत त्याच्यातून तीन एटीपी बाहेर पडतात.

एका ग्लुकोजमागे किती एटीपी? बऱ्याच पाठ्यपुस्तकांत ३६ किंवा ३८ असतं आणि परीक्षेत तेच लिहावं लागतं. तो हिशेब एका एनएडीएचला ३ आणि एफएडीएच-टूला २ एटीपी असं गृहीत धरून केलेला आहे. प्रोटॉन मोजल्यावर आकडा उतरला. एक एटीपी घडवून तंतुकणिकेबाहेर पोचवायला साधारण ४ प्रोटॉन लागतात. एनएडीएचमागे १० प्रोटॉन, म्हणजे अडीच एटीपी. एफएडीएच-टूमागे ६, म्हणजे दीड. दहा एनएडीएचचे २५, दोन एफएडीएच-टूचे ३, थेट मिळालेले ४, एकूण ३२. ग्लायकोलायसिसमधले दोन एनएडीएच पेशीद्रवात तयार होतात. त्यांचे इलेक्ट्रॉन तंतुकणिकेत कोणत्या वाटेने गेले त्यावर ३० किंवा ३२. पटलातून थोडे प्रोटॉन झिरपतातही, म्हणून प्रत्यक्षात आकडा आणखी खाली असतो.

आपल्या १० ग्रॅम मटकीला हा हिशेब लावून बघा. तासाला ३ मिली ऑक्सिजन म्हणजे जवळपास पावणेचार मिलिग्रॅम ग्लुकोज, आणि त्यावर सुमारे ०.३ ग्रॅम एटीपी घडतं. ते साठत नाही, घडतं तसं वापरलं जातं. माणसाच्या शरीरात एका वेळी १०० ग्रॅमच्या आसपास एटीपी असतं, पण नुसतं बसून राहिलेल्या माणसाची दिवसाची उलाढाल ४० किलोच्या घरात जाते.

ग्लुकोजमधली सगळी ऊर्जा एटीपीत जात नाही. पेशीतल्या परिस्थितीत निम्म्याच्या आसपास पकडली जाते, उरलेली उष्णता होऊन निघते. ही उष्णता थर्मासमध्ये दाखवता येते. अर्ध्या लिटरच्या थर्मासमध्ये २०० ग्रॅम मोड आलेली मटकी घाला, तापमापी आत खोचा, तोंडाला कापसाचा बोळा लावा आणि थर्मास उलटा टांगून ठेवा. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असल्याने खाली उतरून बोळ्यातून निघून जातो आणि गरम हवा वर अडकते. शेजारी उकळून मारलेल्या मटकीचा दुसरा थर्मास. लिटरभर ऑक्सिजनमागे सुमारे २० किलोज्यूल ऊर्जा सुटते. २०० ग्रॅम मटकी तासाला ६० मिली ऑक्सिजन घेते, म्हणजे १.२ किलोज्यूल. काहीच बाहेर गेलं नाही तर ताशी दीड अंशाने पारा चढावा. प्रत्यक्षात त्याहून कमी चढतो, पण रात्रभरात काही अंशांचा फरक स्पष्ट दिसतो.

इथे घट्ट बूच कधीच लावू नका. थर्मासमध्ये उरलेल्या हवेत जेमतेम ६५ मिली ऑक्सिजन असतो आणि दाणे तो तासाभरात संपवतात. मग पारा थांबतो आणि सकाळी झाकण उघडल्यावर आंबट दारूसारखा वास येतो. दुसऱ्या दिवशी उकळलेल्या मटकीचा थर्मासही तापायला लागला तर गोंधळून जाऊ नका, त्यात जिवाणू आणि बुरशी श्वसन करतायत. ते टाळायला दोन्ही मटक्या आधी घरगुती ब्लीच दहापट पातळ करून त्यात ५ मिनिटं बुडवाव्यात आणि पाण्याने तीन-चारदा धुवाव्यात.

उष्णता हेच उद्दिष्ट असणाऱ्या पेशीही आहेत. वनस्पतींच्या तंतुकणिकेत एक पर्यायी ऑक्सिडेज असतं. ते तिसरा आणि चौथा समूह टाळून इलेक्ट्रॉन थेट ऑक्सिजनला देतं, त्यामुळे प्रोटॉन कमी ढकलले जातात आणि ऊर्जा उष्णतेत जाते. सुरणाचा फुलोरा फुलताना गरम होतो, त्या उबेने कुजका वास दूरवर पसरतो आणि किडे येतात. तान्ह्या बाळांच्या तपकिरी चरबीत प्रोटॉनांना एटीपी सिंथेज टाळून आत येण्याची वेगळी वाट असते, आणि बाळाला ऊब मिळते. हीच वाट औषधाने सगळ्या शरीरात उघडण्याचा प्रयत्न १९३० च्या दशकात अमेरिकेत झाला. वजन उतरवायला डायनायट्रोफिनॉल विकलं गेलं. वजन उतरायचं, पण प्रोटॉन पटलातून मोकाट गळू लागले की ताप चढतच जातो. माणसं दगावली आणि १९३८ साली ते बंद केलं गेलं. आजही इंटरनेटवर ते ‘फॅट बर्नर’ म्हणून विकलं जातं. त्याला हात लावू नये.

ऑक्सिजन नसेल तेव्हा दाणा लगेच मरत नाही. ग्लायकोलायसिस चालू ठेवायला एनएडी मोकळा व्हावा लागतो, म्हणून पायरुवेटवर इलेक्ट्रॉन उतरवले जातात. यीस्टमध्ये आणि मटकीत मुख्यतः अल्कोहोल, आपल्या स्नायूत लॅक्टेट. एका ग्लुकोजमागे फक्त दोन एटीपी. तेवढीच ऊर्जा मिळवायला पंधरा-सोळा पट साखर जाळावी लागते, म्हणूनच पाण्यात बुडून राहिलेलं बियाणं काही दिवसांत संपतं आणि कुजतं. पेरणीनंतर शेतात पाणी तुंबलं की उगवण बसते त्याचं हे एक मोठं कारण आहे.

आणखी एक मोजणी सोडू नये. मटकीच्या जागी मोड आलेले शेंगदाणे घ्या आणि दोन बाटल्या लावा, एक हायड्रॉक्साइडसह, एक हायड्रॉक्साइडशिवाय. समजा पहिलीत स्तंभ ०.८० मिली सरकला, दुसरीत ०.२४. पहिला आकडा घेतलेल्या ऑक्सिजनचा, दुसरा ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइडमधल्या फरकाचा. म्हणजे सोडलेला वायू ०.५६, आणि त्याला घेतलेल्या ०.८० ने भागलं की ०.७. पिष्टमय पदार्थ जळताना हा श्वसन गुणांक १ येतो. तेलात ऑक्सिजन कमी आणि हायड्रोजन जास्त असतो, म्हणून ते जाळायला बाहेरून जास्त ऑक्सिजन लागतो. ट्रायोलीन या तेलातल्या मेदाच्या एका रेणूला ८० ऑक्सिजन लागतात आणि ५७ कार्बन डायऑक्साइड निघतात, म्हणजे ०.७१. शेंगदाण्यात निम्म्याच्या आसपास तेल असतं. कधी आकडा ०.७ च्याही खाली गेला तर प्रयोग चुकला असं समजू नका. मोड येताना तेलाचा काही भाग साखरेत बदलतो, त्यात ऑक्सिजन खर्च होतो आणि कार्बन डायऑक्साइड फारसा निघत नाही. उलट मटकीला मोड फुटायच्या आधी, साल घट्ट असताना मोजलं तर गुणांक १ च्या वर जाऊ शकतो, कारण आत ऑक्सिजन पोचत नाही आणि किण्वन, म्हणजे वर सांगितलेलं ऑक्सिजनविना अल्कोहोल बनणं, चालू असतं.

हे सगळं मटकीच्या स्वतःच्या साठ्यावर चालतं. १०० ग्रॅम सुक्या मटकीचे २०० ग्रॅम मोड झाले असतील तर त्यातली पावणेदोन ग्रॅम साखर दिवसाला हवेत जाते. मोड आल्यावर क जीवनसत्त्व आणि फोलेट वाढतं, खनिजं अडवून धरणारं फायटेट कमी होतं, पचायलाही सोपं जातं. उष्मांक मात्र वाढत नाहीत, थोडे घटतातच. मोड फ्रिजमध्ये ठेवायचे तेही यासाठी. तापमान १० अंशांनी उतरलं की श्वसन साधारण निम्म्यावर येतं.

प्रयोगातली मटकी खायची नाही, जनावरांनाही घालायची नाही. हायड्रॉक्साइडचा बोळा चिमट्याने उचलून भरपूर पाण्यात टाका, व्हिनेगर घालून लिटमसवर उदासीन झाल्याची खात्री करा, मगच ते पाणी मोरीत ओता. पिपेट लगेच धुवा. साबण आणि रंग आत वाळले तर पुढच्या वेळी स्तंभ त्याच जागी अडकतो.